शरदात प्राणी कुठे भेटतात, आणि तिथेच का

काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, जॉर्जिया देशात बातुमी नावाचं बंदर आहे. ऑगस्ट संपता संपता या बंदरामागच्या टेकड्यांवर माणसं दुर्बिणी घेऊन बसू लागतात आणि ऑक्टोबरपर्यंत बसून राहतात. त्यांच्या डोक्यावरून या काळात दर वर्षी दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी जातात. आधी मधुबाजांचे थवे येतात, मग घारी, गरुड आणि बझर्ड. एखाद्या चांगल्या दिवशी आकाशात मिरी उधळल्यासारखे ठिपके दिसतात. दुर्बीण लावली की प्रत्येक ठिपक्याला पंख फुटतात.

आता प्रश्न असा, की बातुमीच का? तिथे त्यांचं घरटं नाही आणि फार मोठी शिकारही नाही. तिथे आहे तो फक्त एक अडथळा.

मोठ्या, रुंद पंखांच्या पक्ष्याला दिवसभर पंख मारणं परवडत नाही. हजारो किलोमीटर तसं उडायचं म्हटलं तर अंगावरची चरबी वाटेतच संपेल. म्हणून तो हवेकडून फुकटची उचल घेतो. उन्हानं जमीन तापली की तिच्यालगतची हवा हलकी होते आणि खांबासारखी वर चढते. पक्षी त्या खांबात शिरतो, पंख पसरून गोल गोल फिरत वर जातो आणि उंची मिळाली की पुढच्या खांबापर्यंत घसरत जातो. असं चढत-घसरत तो खंड ओलांडतो. पण पाणी जमिनीसारखं लवकर तापत नाही, त्यामुळे समुद्रावर असे खांब उठत नाहीत. बातुमीच्या पश्चिमेला काळा समुद्र आहे आणि पूर्वेला उंच, बऱ्याचदा ढगात बुडालेले डोंगर. पूर्व युरोप आणि रशियातून दक्षिणेकडे निघालेल्या पक्ष्यांना मधली चिंचोळी पट्टीच तेवढी उरते. नरसाळ्याचं तोंड कितीही मोठं असलं तरी सगळं त्या नळीतूनच उतरणार.

हे एकदा समजलं की नकाशा हातात घेऊन अशा बाकीच्या जागा आपल्या आपण सापडू लागतात. युरोप आणि आफ्रिका जिथे सर्वांत जवळ येतात, ती जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी फक्त 14 किलोमीटर रुंद आहे. स्पेनच्या बाजूला तारिफा आहे, तिथे शरदात करकोचे आणि घारी वारा बरा होण्याची वाट पाहत घिरट्या घालतात. स्वीडनच्या अगदी खालच्या टोकाला फाल्स्टरबोचं भूशिर आहे. मेक्सिकोत व्हेराक्रूझपाशी डोंगररांग आणि मेक्सिकोचं आखात यांच्यामधून एका हंगामात चाळीस लाखांहून जास्त शिकारी पक्षी जातात. जगात इतके शिकारी पक्षी दुसरीकडे कुठेही मोजले जात नाहीत. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याच्या टोकाला केप मे आहे. वायव्येचा वारा पक्ष्यांना किनाऱ्याकडे ढकलतो, किनाऱ्याच्या कडेकडेनं ते दक्षिणेला सरकतात आणि जमीन संपली की पुढे डेलावेअर उपसागराचं पाणी पाहून थबकतात. तिथे त्यांच्याखाली उभं राहायचं असतं.

पेनसिल्व्हेनियातला हॉक माउंटन थोडा वेगळा आहे. तिथे पाण्याचा अडथळा नाही. लांबच लांब डोंगरधार आहे, वारा तिच्यावर आदळून वर वळतो आणि पक्षी त्या वाऱ्यावर स्वार होऊन धारेवरूनच पुढे जातात. एके काळी याच धारेवर माणसं बंदुका घेऊन बसत आणि गंमत म्हणून ससाणे पाडत. 1934 साली रोझाली एज या बाईंनी तो डोंगर भाडेपट्ट्यानं घेतला, राखणदार नेमला आणि शिकार बंद केली. शिकारी पक्ष्यांसाठी राखलेली जगातली ही पहिली जागा. पक्षी एका जागी गोळा होतात म्हणून ते पाहता येतात, आणि नेमक्या त्याच कारणानं मारताही येतात. शरदातल्या बहुतेक चांगल्या जागांचा इतिहास या दोन टोकांमध्ये हेलकावे खाताना दिसतो.

नागालँडमधल्या पांगतीचंही तेच. वोखा जिल्ह्यात दोयांग धरणाचा जलाशय आहे. मध्य ऑक्टोबरपासून तिथे अमूर ससाणे उतरतात. जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा हा पक्षी मंगोलिया, उत्तर चीन आणि रशियाच्या पूर्वेकडून येतो. त्या दिवसांत पंख फुटलेल्या वाळव्या जमिनीतून बाहेर पडत असतात. त्या खाऊन तो अंगावर चरबी चढवतो आणि मग भारत आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे निघतो. 2012 मध्ये इथे जाळी लावून मोठ्या प्रमाणावर ससाणे पकडले जात असल्याचं जगापुढे आलं. गावकऱ्यांनी पुढच्याच वर्षी शिकार पूर्ण थांबवली. त्याच नोव्हेंबरात तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी छोटी यंत्रं बसवून त्यांना नागा, पांगती आणि वोखा अशी नावं दिली. त्यांनी पाठवलेल्या खुणांवरून कळलं, की नागालँड ते सोमालिया हा पल्ला हे पक्षी पाच-सहा दिवसांत जवळपास न थांबता कापतात. संध्याकाळी विजेच्या तारांवर ओळीनं बसलेले ते हजारो पक्षी पाहताना हे आठवत राहतं, की यातल्या एकालाही वाटेत समुद्रावर टेकायला जागा मिळणार नाही.

घड्याळ कोण लावतं?

शरद म्हणजे इथे उत्तर गोलार्धातले सप्टेंबर ते नोव्हेंबर हे महिने. बरेच जण समजतात, की गारठा पडला की प्राणी हलतात. गारठा हा फार लबाड निरोप्या आहे. तो एखाद्या वर्षी लवकर येतो, एखाद्या वर्षी येतच नाही. दिवसाची लांबी मात्र कधी फसवत नाही. 22-23 सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र सारखे होतात, त्यानंतर रात्र वाढत जाते. सस्तन प्राण्यांच्या मेंदूतली पीनियल नावाची छोटी ग्रंथी अंधारात मेलाटोनिन हे द्रव्य सोडते. रात्र जितकी लांब, तितका वेळ ते रक्तात राहतं, आणि त्यावरून शरीराला वर्षातला कोणता काळ चालू आहे हे कळतं. मग पुढची कामं आपोआप सुरू होतात: कुणाची भूक वाढते, कुणी माजावर येतो, कुणाला जाड लोकर फुटते. पक्ष्यांमध्ये या अंतर्गत घड्याळाची ओढ इतकी पक्की आहे, की पिंजऱ्यात वाढलेला स्थलांतरित पक्षीही शरदाच्या रात्री बेचैन होऊन फडफडतो, आणि तेही ज्या दिशेला त्याला जायचं असतं त्याच बाजूला.

हवामानाचं काम वेगळं आहे. महिना कोणता, हे दिवसाची लांबी ठरवते; आज निघायचं की उद्या, हे वारा ठरवतो. उत्तर गोलार्धात थंड हवेची लाट सरकून गेली, पाऊस ओसरला आणि वारा उत्तरेकडून वाहू लागला, की दोन-चार दिवस अडकून पडलेले पक्षी एकदम सुटतात. प्रवासाची तारीख महिनाभर आधी पक्की करावी लागत असेल तर निदान चार दिवस हाताशी ठेवा. एक दिवस नेमका वाया जाणारच, आणि तो कुठला हे आधी कळत नाही.

डरकाळीचा हिशेब

स्थलांतर ही शरदाची एक बाजू झाली. दुसरी बाजू अशा प्राण्यांची, जे कुठेही जात नाहीत पण याच दिवसांत उघड्यावर येतात. एरवी झाडीत लपणारं, माणूस दिसताच पसार होणारं रेड डिअर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत स्वतःहून ओरडून आपली जागा सांगतं.

नराची ही डरकाळी रात्रंदिवस चालते आणि ती नुसती धमकी नसते. स्कॉटलंडच्या रम बेटावर या हरणांचा अभ्यास 1953 पासून चालू आहे. तिथे दिसलं, की दोन नर आधी डरकाळ्यांची स्पर्धा करतात: मिनिटाला कोण जास्त वेळा ओरडतो. डरकाळी फोडायला छातीचे आणि गळ्याचे स्नायू लागतात, तेच लढायलाही लागतात, त्यामुळे थकलेल्या नराला ताकदीचं सोंग आणता येत नाही. ओरडताना तो स्वरयंत्र गळ्यात खाली ओढतो, आवाज भरदार होतो आणि ऐकणाऱ्याला शरीराचा आकार कळतो. यातूनही निकाल लागला नाही तर दोघं एकमेकांना समांतर, ताठ मानेनं चालू लागतात. मापं घेऊन होतात. बहुतेक वेळा एक जण इथेच माघार घेतो. उरलेल्या थोड्या वेळी शिंगात शिंगं अडकतात. म्हणून टक्कर पाहायची असेल तर डरकाळ्या ऐकून धावू नका. समांतर चाल दिसली की थांबा आणि पाहत राहा.

हा सगळा खटाटोप शरदातच का, याचं उत्तर वसंतात आहे. मादी सुमारे आठ महिने गाभण राहते. ऑक्टोबरात मिलन झालं तर पिल्लू मे-जूनमध्ये जन्मतं, जेव्हा गवत सर्वांत कोवळं आणि भरपूर असतं. म्हणजे आज दिसणारी झुंज पुढच्या उन्हाळ्यातल्या चाऱ्याचा हिशेब मांडून चाललेली असते. त्या हिशेबातही आता फरक पडतो आहे: रम बेटावर 1980 च्या दशकापासून पिल्लं जन्मण्याची तारीख दर दहा वर्षांना जवळपास तीन दिवसांनी अलीकडे सरकली आहे.

हे पाहायला रमपर्यंत जावं लागत नाही. लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये सहाशेहून जास्त हरणं मोकळी हिंडतात, आणि ऑक्टोबरातल्या धुक्याच्या पहाटे तिथली डरकाळी अंगावर काटा आणते. तिथे 50 मीटर अंतर राखायला सांगितलं जातं. ते अंतर तुमच्यासाठी आहे तसंच त्या नरासाठीही आहे, कारण या दिवसांत तो जवळजवळ खात नाही आणि त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा झडू शकतो. नर आणि माद्यांच्या मधे कधीही उभं राहू नये. अमेरिकेत यलोस्टोन किंवा रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात एल्क ही मोठी हरणं याच काळात माजावर येतात. त्यांचा आवाज डरकाळीचा नसून उंच, बासरीवर कुणी जोरात फुंकावं तसा असतो. एवढ्या दांडग्या प्राण्याच्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकताना खरंच वाटत नाही.

भूक

अलास्कातल्या काटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स नदी आहे. धबधब्याच्या काठावर उभं राहून उडत्या सॅमनला जबड्यात पकडणाऱ्या तपकिरी अस्वलांची छायाचित्रं तिथली असतात, आणि ती बहुधा जुलैतली असतात. सप्टेंबरात दृश्य पालटतं. तोवर सॅमनची अंडी घालून झालेली असतात, ते थकून मरत असतात आणि अस्वलं नदीच्या खालच्या, संथ भागात त्यांना वेचत फिरतात. जुलैत दिसलेलं तेच अस्वल ओळखू येत नाही इतकं फुगलेलं असतं. मोठ्या नराचं वजन 450 किलोच्या वर जातं. मासे भरपूर असतील तेव्हा ते अख्खा मासाही खात नाहीत. कातडी, मेंदू आणि अंडी असा सर्वांत चरबीचा भाग घेतात आणि उरलेलं टाकून देतात. टाकलेलं कुणी ना कुणी खातंच. शीतनिद्रेत ही अस्वलं वजनाचा साधारण तिसरा हिस्सा गमावतात, त्याची ही पुंजी. मला विचाराल तर धबधब्यावरच्या त्या प्रसिद्ध क्षणापेक्षा सप्टेंबरातलं हे शांत, एकाग्र खाणं जास्त पाहण्यासारखं आहे. उडी मारताना सगळीच अस्वलं सारखी दिसतात, खाताना प्रत्येकाची रीत वेगळी असते.

सॅमनच्या बाजूनंही ही गोष्ट पाहता येते. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या ॲडम्स नदीत ऑक्टोबरात सॉकाय सॅमन परततात. समुद्रात चंदेरी असलेला मासा इथे येईपर्यंत लालभडक झालेला असतो आणि डोकं हिरवं पडतं. गोड्या पाण्यात शिरल्यापासून त्यानं काही खाल्लेलं नसतं. या नदीत दर चार वर्षांनी मोठी लाट येते: 2010, 2014, 2018, 2022, आणि त्या हिशेबानं 2026. मधल्या वर्षी गेलात तर मासे दिसतील, पण नदी लाल दिसणार नाही.

भुकेचं तिसरं ठिकाण पाहताना मन जड होतं. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, हडसन उपसागराच्या काठी चर्चिल हे छोटं गाव आहे. ध्रुवीय अस्वल समुद्रावरच्या बर्फावरून सील पकडतं. उन्हाळ्यात या उपसागरावरचं सगळं बर्फ वितळतं आणि अस्वलांना जमिनीवर यावं लागतं. तिथे त्यांना पोटभर काही मिळत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती चर्चिलजवळ गोळा होतात, कारण नदीचं गोडं पाणी समुद्रात मिसळतं तिथे बर्फ लवकर धरतं. म्हणजे पर्यटकांच्या उंच चाकांच्या गाड्यांसमोर जी अस्वलं फिरत असतात ती उपाशी असतात आणि पाणी गोठण्याची वाट पाहत असतात. बर्फ उशिरा धरू लागलं आणि लवकर वितळू लागलं तशी ही वाट लांबली. हडसनच्या पश्चिम भागातल्या अस्वलांची संख्या 2016 मध्ये अंदाजे 842 होती, 2021 मध्ये 618. तिथे जाऊ नये असं मी म्हणणार नाही. पण समोर काय चाललं आहे हे कळून जावं.

पिल्लं, कोश आणि उधाण

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, लिंकनशायरमधल्या डोना नूक इथे ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत करडे सील वाळूवर येऊन वितात. हंगामात दोन हजारांहून जास्त पिल्लं जन्मतात. अंगावर पांढरी लोकर, वजन 14 किलोच्या आसपास. आईचं दूध इतकं घट्ट असतं, की त्यात निम्म्याहून जास्त चरबीच असते, आणि जेमतेम अठरा दिवसांत पिल्लू तिप्पट होतं. मग आई त्याला तिथेच सोडून समुद्रात निघून जाते. हे क्रूर वाटतं खरं, पण त्या दिवसांत तिनं स्वतः काही खाल्लेलं नसतं. वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी कुंपण आहे. त्याच्या अलीकडे राहून अगदी जवळून पाहता येतं. हवाई दलाचं सरावक्षेत्र तिथेच आहे, त्यातल्या विमानांच्या आवाजाला सील सरावले आहेत. कुंपण ओलांडून आलेल्या माणसाला मात्र नाहीत. त्याला बुजून आई पाण्यात गेली तर परत येईलच असं नाही.

फुलपाखरांचंही स्थलांतर असतं हे ऐकून अजूनही पुष्कळांना नवल वाटतं. उत्तर अमेरिकेतली मोनार्क फुलपाखरं उन्हाळ्यात पिढ्यामागून पिढ्या जन्मतात आणि काही आठवड्यांत मरतात. शरदाच्या तोंडावर कोशातून निघणारी शेवटची पिढी वेगळी असते. ती लगेच अंडी घालत नाही, आठ-नऊ महिने जगते आणि कॅनडा-अमेरिकेतून निघून मेक्सिकोच्या मध्यभागी पोचते. वाट तिनं कधी पाहिलेली नसते, तिच्या आईनंही नाही. मिचोआकान आणि मेक्सिको राज्यांत सुमारे 3,000 मीटर उंचीवर ओयामेल फरची जंगलं आहेत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला फुलपाखरं तिथे येतात आणि फांद्या वाकतील इतकी लगडतात. दाट झाडं रात्रीची ऊब धरून ठेवतात, पाऊस अडवतात, आणि गारव्यामुळे फुलपाखरांची साठवलेली चरबी हळूहळू खर्च होते. ही जागा संशोधकांना 1975 च्या जानेवारीत सापडली. तिथल्या लोकांना ती आधीपासूनच ठाऊक होती. पाहायला ऊन चढलेली वेळ निवडावी. अंग तापलं की ती फांद्या सोडून उडतात. इतक्या लांब जाणं जमत नसेल त्यांनी सप्टेंबरात कॅनडातलं पॉइंट पीली गाठावं. ते एरी सरोवरात घुसलेलं जमिनीचं टोक आहे. पुढे पाणी दिसल्यावर फुलपाखरंही ससाण्यांसारखीच थांबतात. बातुमीचं गणित इथेही लागू पडतं.

किनाऱ्यावरच्या पक्ष्यांसाठी पंचांगाऐवजी भरती-ओहोटीचा तक्ता लागतो. इंग्लंडमधल्या स्नेटिशॅमला ओहोटीच्या वेळी गेलात तर मैलभर चिखल आणि त्यावर दूर कुठेतरी दाणे विखुरल्यासारखे पक्षी, एवढंच दिसेल. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण येतं, पाणी सगळा चिखल गिळतं आणि नॉट पक्ष्यांचे हजारोंचे थवे एकदम उठून आतल्या तळ्यांकडे झेपावतात. मोठ्या भरतीच्या तासभर आधी तिथे असावं. याच गटातल्या गॉडविटनं 2022 च्या ऑक्टोबरात अलास्का ते टास्मानिया असे 13,560 किलोमीटर 11 दिवसांत, कुठेही न उतरता पार केले. तो पक्षी अवघा पाच महिन्यांचा होता.

संध्याकाळ हवी असेल तर क्रौंच पाहा. हंगेरीच्या होर्तोबाजमध्ये ऑक्टोबरात लाखाहून जास्त क्रौंच मुक्कामाला असतात. दिवसभर शेतात सांडलेला मका टिपतात आणि अंधार पडताना उथळ पाण्यात उभं राहायला परततात, कारण कोल्हा पाण्यातून आला तर आवाज होतो. भोरडीच्या कुळातले स्टार्लिंगही सांजवेळेचेच. डेन्मार्कच्या दक्षिणेकडच्या दलदलींवर त्यांचे थवे इतके दाट होतात, की तिथले लोक त्याला काळा सूर्य म्हणतात. रोममध्ये अशा थव्यांचा अभ्यास झाला तेव्हा कळलं, की प्रत्येक पक्षी फक्त जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवतो. सगळ्या थव्याला वळवणारा पुढारी कुणी नसतो.

दक्षिण गोलार्धात शरद मार्च ते मे असतो. अर्जेंटिनातल्या वाल्देस द्वीपकल्पावर पुंता नोर्ते इथे त्या सुमारास सागरसिंहांची पिल्लं पोहायला शिकत असतात, आणि ओर्का (किलर व्हेल) भरतीच्या वेळी लाटेबरोबर थेट किनाऱ्यावर चढून त्यांना पकडतात. तिथे दिवसभर बसूनही काही घडेल याची खात्री नसते. तरी लोक बसतात.

आणि कुठेच जाता येत नसेल तर? बहुतेक छोटे पक्षी रात्री प्रवास करतात. रात्री हवा स्थिर असते, शिकारी पक्षी झोपलेले असतात आणि दिशा पाहायला तारे असतात. शरदातल्या एखाद्या पौर्णिमेच्या आसपास, वारा मागून वाहत असलेल्या रात्री, दिवे मालवा आणि दुर्बीण काठीला नाहीतर तिपाईला टेकवून चंद्रावर रोखा. हात हलता कामा नये. रडार येण्यापूर्वीपासून रात्रीचे प्रवासी असेच मोजले जात. पाच मिनिटं काही दिसणार नाही, कदाचित पंधराही. मग चंद्राच्या उजळ तबकडीवरून एक बारीकशी काळी आकृती, पंख मारत, एका कडेकडून दुसऱ्या कडेला निघून जाईल.